गुलाबची चढाई

गुलाबचा गुडघा कसा गेला, हे आजवर दोघांनाच माहीत होतं — त्याला आणि मला. त्यातला तो बोलणार नाही. का बोलणार नाही, तेही सांगतो. पण जरा थांबा, एकदम तोंडातून निघत नाही हो.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यातलं, करडी गावाच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमधलं. गावात कबड्डीचं एक मंडळ आहे. तेव्हा मी त्याचा कॅप्टन होतो, आज तिथेच पोरापोरींना शिकवतो. गुलाब माझ्याहून वयाने मोठा, अंगाने धिप्पाड, पण समज मात्र लहान पोराएवढी. मला दादा म्हणायचा. मैदानावर पाणी शिंपडायचं, फक्कीने रेषा आखायच्या आणि पकडीच्या सरावाला उभं राहायचं, एवढं त्याचं काम. उभं राहायचं म्हणजे काय, समजलं ना? आम्ही रोज त्याला आपटायचो. तो हसत उठायचा. सामन्याला मात्र त्याला कधी उतरवलं नाही. नुसती एक बिननंबराची जर्सी दिली होती — ती तो झोपतानाही काढत नाही, असं त्याची आई, सेवंतामावशी, सांगायची. तिला केवढं कौतुक! पोरगं चार जणांत राहतंय, सांभाळायला कॅप्टन आहे, म्हणून ती निर्धास्त शेतावर जायची.

एके दिवशी सरावात मी चढाईला गेलो आणि त्याने माझा घोटा धरला. चुकून नव्हे — आमचं बघून बघून शिकला असणार. मी रेषेकडे हात लांबवत राहिलो, पोहोचलो नाही. पोरांनी शिट्ट्या मारल्या, गुलाबला उचलून ती नाचली. मीही हसलो. पण आतून जळत होतो. हरलो तो कोणाकडून? ज्याला जर्सीची उलटसुलट बाजू कळत नाही, त्याच्याकडून. तुम्हाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. क्षुल्लकच होती.

पोरं घरी गेली. तो फक्कीचं घमेलं उचलत होता. मी म्हणालो, "गुलाब, आज तू कर चढाई."

चढाई त्याला कधी कोणी दिलीच नव्हती. इतका खूश झाला तो — कबड्डी कबड्डी करत, आमच्यासारखीच मांडीवर थाप मारत माझ्याकडे आला. मी त्याच्या पायांत कैची मारली. कैचीला आमच्या खेळात बंदी आहे. पाय जायबंदी होतो म्हणून मी स्वतः पोरांना ओरडायचो. म्हणजे — मला माहीत होतं. पायांत पाय अडकवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावून फिरलो. गुडघ्याचा आवाज झाला. आणि तो मातीत पडल्या पडल्या मला विचारतो, "दादा, मी आऊट झालो का गा?"

मग मी काय केलं असेल? उचललं त्याला — हो, उचललं. पण आधी त्याच्याजवळ बसून शिकवलं: आईला सांगायचं, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून, घसरलो. दुसरं काही सांगितलंस तर तुझी जर्सी काढून घेतील. तो रडत होता आणि पाठ करत होता. बरोबर म्हणेपर्यंत मी त्याला तिथून हलवलं नाही.

धुऱ्यावरून घसरला म्हणजे मुरगळलाच असेल, असं समजून मावशी कितीतरी दिवस तो पाय चोळून घेत राहिली. पुढे भंडाऱ्याच्या दवाखान्यात मीच त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी विचारलं, नुसतं घसरून एवढं कसं झालं? मी तिथेच उभा होतो. खिडकीतून बाहेर बघत राहिलो. गावाने मात्र माझं कौतुक केलं. तेव्हापासून चार माणसांत बसलो तरी मी एकटाच असतो. कोणी चांगलं बोललं की उठून जावंसं वाटतं. बायको विचारते, कुठे लक्ष आहे तुमचं?

आता मंडळाने ठरवलं की, पोरांची आणि ज्यांना स्वतःचं धड सांगता येत नाही त्यांची काळजी घेणारा एक जबाबदार माणूस हवा. कोणी मारलं, त्रास दिला, तर त्याच्याकडे जाऊन सांगायचं. सभेत सेवंतामावशी उठून उभी राहिली. म्हणाली, "यालेच करा. माह्या गुलाबले यानंच तं सांभाळलं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही म्हणालो नाही.

काल नव्याने आलेल्या एका मुलीने गुलाबला विचारलं, "काका, तुमी असे लंगडत काहून चालता?"

तो फक्की टाकता टाकता थांबला. अंगात तीच जर्सी, आता पार विटलेली. "धुऱ्यावरून घसरलो न," म्हणाला. आणि मग त्याने माझ्याकडे बघितलं — बरोबर बोललो ना, असं.

मी मान हलवली.