न चाखलेलं कालवण

काशीदला आमची घरगुती खानावळ आहे. पडवीत चार टेबलं, मागे स्वयंपाकघर आणि त्यात मी. पंधरा वर्षं मी लोकांच्या पोटाची सोय करते आहे आणि त्यातली शेवटची दोन वर्षं माझंच पोट माझ्याशी भांडत होतं. चार घास खाल्ले की पोट फुगायचं, छातीत जळजळायचं, संध्याकाळपर्यंत आंबट ढेकर यायचे. पण खानावळवालीनं हे कोणाला सांगायचं? हिच्या हातचं खाऊन हिचंच पोट बिघडतं, असा गावभर बोभाटा झाला असता. म्हणून मी तोंड मिटून बसले.

एका पाहुणीजवळ मात्र बोलून गेले. ती मुंबईत आहाराचा सल्ला देते, सुट्टीला आमच्याकडे येते. तिनं मला ‘लीकी गट’ समजावून सांगितलं. आतड्याचं अस्तर बिघडलं की ते नको ते झिरपू देतं, आणि मग नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, झोप, जेवण, चिंता सगळं एकत्र बघावं लागतं, असं तिचं म्हणणं. कागदावर यादीही लिहून दिली. त्या यादीतलं जे पिण्यासारखं होतं तेवढं मी उचललं. सकाळी जिऱ्याचं पाणी, अकराला ताक, दुपारी आल्याचा रस, संध्याकाळी हाडांचं सूप. पोटात नुसती डबकी साचली. यादीत सगळ्यात वर लिहिलं होतं, वेळेवर, बसून, चावून जेवणे. ते आपल्यासाठी आहे असं मला वाटलंच नाही. आमच्याकडे एक वाजता गिऱ्हाईक जेवतं. मी जेवायची चारला, ओट्याशी उभ्यानं, उरलेला गार भात.

नाताळच्या गर्दीत एका टेबलावरून कालवण परत आलं. खारट होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी आठपासून मी तळहातावर थेंब घेऊन चाखत असते, कालवण, मसाला, सोलकढी. त्या आंबटतिखटानं आणि वर येणाऱ्या पित्तानं माझी जीभ मेली होती, हे मला कळत होतं. जानेवारीत एकदा नवरा सावकाश म्हणाला, की मुरूडची एक बाई स्वयंपाकाला यायला तयार आहे, सोमवारपासून येईल, तू आराम कर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षं ज्या ‘आराम’ शब्दाची वाट बघितली, तो असा चूल काढून घ्यायला आला. मी मोरीत जाऊन रडले.

माझं पोटाचं दुखणं त्याच्यापासून लपलं नव्हतंच; त्याच आठवड्यात त्यानं मला अलिबागला डॉक्टरांकडे नेलं. तपासण्या झाल्या, मनात जी भीती होती तसलं काही निघालं नाही. डॉक्टर म्हणाले, लीकी गट हे नाव मी कागदावर लिहिणार नाही, पण त्या बाईंची यादी चुकीची नाही. कंबर दुखते म्हणून मी रिकाम्या पोटी चहाबरोबर गोळ्या घ्यायचे, त्या त्यांनी आधी बंद केल्या. मग जेवणाची वेळ विचारली. चार, मी म्हटलं. त्याआधी काय खाता? काही नाही. तेव्हा नवरा, जो चारचौघांत कधी बोलत नाही, तो म्हणाला, “सकाळपासून खातेच हाय ही, डॉक्टर. थेंब थेंब.”

डॉक्टरांनी महिनाभर चाखणं बंद सांगितलं आणि एक वाजता जेवण. न चाखता खानावळ कशी चालवायची, म्हणून मी घरापर्यंत भांडत आले. म्हणूनच ती मुरूडची, एवढंच नवरा म्हणाला. त्याचं बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

सासूबाई विळीवर नारळ खवत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गणपतीत निवदाचं एवढं रांधतेस. चाखतेस का कवा?”

देवाचा नैवेद्य उष्टा कसा करणार, मी म्हटलं.

“मंग? देव कवा खारट बोलला का? हाताला म्हाईत हाय तुझ्या.”

शनिवारी तीन टेबलं आधीच ठरलेली होती आणि सोमवारी ती बाई येणार होती. मी अंघोळ करून, सणाला लागते तशी स्वयंपाकाला लागले. मीठ मुठीनं घातलं, उकळी नाकानं ओळखली. दोनदा हात सवयीनं पळीकडे गेला, दोनदा मागे घेतला. आज कालवण परत आलं असतं तर माझ्याकडे बोलायला तोंड उरलं नसतं.

एक वाजायला आला. पाहुणे अजून किनाऱ्यावरच होते. सासूबाईंनी एक ताट वाढलं, गरम भात, कालवण, तांदळाची भाकरी, आणि ते पडवीतल्या चौथ्या टेबलावर नेऊन ठेवलं. कोण आलं म्हणून मी दारात गेले. तिथे कोणी नव्हतं.

“बस,” त्या म्हणाल्या. “पयलं पान तुझं. मीठ बरोबर हाय का न्हाय ते जेवून सांग.”

स्वतःच्या खानावळीत मी खुर्चीवर बसून कधी जेवले नव्हते. पहिला घास हळू चावला. नवरा तांब्या घेऊन उभा होता, पाणी ओतायचं विसरून. मीठ बरोबर होतं. मी तसं सांगितलं. त्यानं कालवणात बोट बुडवून स्वतः बघितलं, तांब्या ठेवला आणि मुरूडला फोन लावायला अंगणात गेला.

पोट अजून कधीमधी फुगतं, नाही असं नाही. पण त्या दिवशी ते गप्प होतं. सासूबाई चुलीकडे वळल्या होत्या. मी लग्न होऊन आल्यापासून त्या सगळ्यांच्या शेवटी, माझ्याही नंतर जेवल्या आहेत, आणि इतक्या वर्षांत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी शेजारची खुर्ची ओढली.

“आई,” मी म्हटलं, “दुसरं पान तुमचं.”