कंदुरीचं ताट

नामांतराचं पेटलं होतं त्या वर्षांत आमच्या घरचं सगळं पाणी शेजारच्या धनगरिणीच्या आडाचं होतं. पूर्णेपासून जवळच एका खेड्यात आम्ही राहायचो. नवरा पूर्णा जंक्शनला रेल्वेत, आठवड्यातले बरेच दिवस तिकडंच. घरात मी आणि सासूबाई. सासरे असताना हे घर ख्रिस्ती झालं होतं, पण गावाच्या हिशेबी आम्ही पूर्वीच्या वस्तीतलेच. विद्यापीठाच्या नावावरून वातावरण तापलं, तशा गावच्या विहिरीवर आमच्या घागरीकडं बघणाऱ्या नजरा बदलल्या. कुणी काही बोललं नाही. माणसाला हाकलायचं तर बोलावंच लागतं असं थोडंच आहे? मी दोनदा रिकामी घागर घेऊन परत आले, तेव्हा धनगरीण कुंपणावरून म्हणाली, "आमच्या आडावर ये की गं. पाणी काय मी घरी पिकवते व्हय?" झालं, तेवढ्या एका वाक्यावर आमची तहान भागायला लागली.

पुढं तिची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी आली. कळा लांबल्या, पोर काही मोकळी होईना. सासूबाईंनी उभ्या आयुष्यात पुष्कळ बाळंतपणं केलेली. त्या जाऊन बसल्या. हात कामात आणि ओठात प्रार्थना. बाहेर ओट्यावर धनगरीण मसोबाला बोकड बोलली. बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली. कुणाचं गाऱ्हाणं वर पोचलं यावर त्या दोघींनी कधी वाद घातला नाही. शहाण्याच म्हणायच्या.

नवस फेडायला बोकड कापून चार माणसांना जेवू घालायचं, त्याला आमच्याकडं कंदुरी म्हणतात. तर एका दुपारी धनगरीण कंदुरीचं ताट घेऊन आमच्या दारात उभी. ज्वारीच्या पांढऱ्याशुभ्र भाकरी, वाटी भरून लालभडक रस्सा, नळ्यासुद्धा निवडून घातलेल्या. "मावशीचा पहिला मान," ती सासूबाईंना म्हणाली. "मसोबाला निवद दावला आन् आधी तुमचंच ताट वाढलं." आणि घाईत निघून गेली. तिकडं पंगत बसायची होती.

नाताळनंतर आमच्या घरात मटण शिजलेलं नव्हतं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. सासूबाईंनी मात्र ताटावर दुसरं ताट पालथं घातलं आणि म्हणाल्या, "देवाला दावलेलं हाय, पोरी. आपल्याला चालायचं न्हाई."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आत्याबाई, अख्ख्या गल्लीतून आपल्या दारात ताट घेऊन येणारं हे एकच घर. ते परत केलं तर उद्या पाणी कुठून आणायचं? गोदावरीतून?"

"मला काय कळत न्हाई व्हय? पर बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी ते सोडलं मी."

पाळकसाहेब महिन्यातून एकदा पॅसेंजरनं यायचे, आणि नुकतेच येऊन गेले होते. त्यांना विचारण्याची सोय नव्हती. मग मी शास्त्र, म्हणजे घरातलं बायबल, काढलं. मनात म्हटलं, थांबा, तुमचंच औषध तुम्हाला देते.

हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदा आला असं नाही. प्रभू येऊन गेल्यावर थोड्याच वर्षांत करिंथच्या मंडळीत याच मटणावरून जुंपली होती. करिंथ म्हणजे त्या काळचं जंक्शनच. दोन बाजूंना दोन समुद्र, नाना देशांची माणसं, नाना देवांची देवळं. चर्चची इमारत वगैरे तेव्हा कुठली? कुणाच्या तरी घरात जमायचं, गुलामानं आणि धन्यानं एकाच भाकरीतला तुकडा मोडायचा. तिथं बाजारात मिळणारं बरंचसं मटण आधी देवळात कापलेलं असायचं. गरिबाला तर मटण दिसायचंच मुळी देवळाच्या जेवणावळीत. आता या नव्या विश्वासणाऱ्यांनी ते खावं का नाही? काहीजण म्हणाले, देव एकच आहे, मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग मटणाला काय झालं? काहींच्या मात्र घशाखाली घास उतरेना. काल-परवापर्यंत ते त्याच देवाला भीत आलेले, ते खाल्लं की त्यांना वाटायचं, आपण परत तिकडंच गेलो. भांडण प्रेषित पौलापर्यंत गेलं.

पौलानं त्यांना पत्रातून दिलेलं उत्तर मी सासूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, अर्थात माझ्या सोयीचं तेवढं. बाजारात मिळेल ते खा, फार चौकशा करू नका. कुणी जेवायला बोलावलं तर पुढं येईल ते खा. "ऐकलं ना?" मी पालथं ताट उचलायला हात घातला.

"थांबली कामून? पुढं वाच की."

पुढं वाचावं लागलं. पुढं पौल म्हणतो, पण कुणी तुम्हाला सांगितलं की हे देवाला वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. ज्यानं सांगितलं त्याच्या मनासाठी. माझा हात ताटावरच राहिला. धनगरिणीनं तर दारातच, अभिमानानं सांगितलं होतं. न सांगता ठेवून गेली असती तर पौलाची काही हरकत नव्हती. पण खरं बोलणाऱ्या माणसाला काय म्हणणार?

आणि त्याआधीचंही मला आठवलं. पौल स्वतः खाणाऱ्यांच्या बाजूचा. मूर्तीचं त्याला भय नव्हतं. तरी तो लिहितो, की माझ्या खाण्यानं माझ्या भावाचं मन मोडत असेल तर मी जन्मात मटणाला शिवणार नाही. मी सासूबाईंकडं पाहिलं. चुलीपाशी गुडघे पोटाशी घेऊन बसल्या होत्या. मसोबाच्या वाटेनं त्या आजही एकट्या जायच्या नाहीत. माझ्या लेखी तो शेंदराचा दगड, त्यांच्या लेखी त्यांचं अर्धं आयुष्य. पौलानं ज्यांची काळजी केली ती माणसं कशी दिसत असतील, हे मला त्या दुपारी कळलं. माझी भूक राहिली बाजूला, रागही गेला. पण पाण्याची भीती काही जाईना.

"मग आता?" मी विचारलं. "कुत्र्याला घालायचं?"

"अन्नाची अशी विटंबना करू न्हाई. माघारी देते. सांगून देते." त्यांनी पदर खोचला, ताट उचललं आणि निघाल्या. मी मागोमाग.

पंगत उठली होती. धनगरीण उंबऱ्यात उष्टी काढत होती. झाकलेलं ताट तसंच परत आलेलं बघून तिचा चेहरा उतरला. आमच्या लोकांनी तिच्या लोकांच्या दारात आजवर काय काय ऐकलं असेल ते असो, पण त्या दिवशी तीच म्हणाली, "मावशी, आमच्या हातचं चालत न्हाई का तुमाला?"

मला वाटलं, संपलं. आता जन्मभराची अढी बसली.

सासूबाईंनी ताट हळूच ओट्यावर ठेवलं आणि तिथंच, दारासमोर मांडी घातली. "तुझ्या हाताला काय झालंय, बाई? मसोबाला दावलेलं मला चालत न्हाई, मी सोडलंय ते. तुझ्या घरातली सकाळची भाकर असंल तर आण. हितं बसून खाते, समद्यायच्या म्होरं."

धनगरीण नुसती बघत राहिली. कंदुरीला आलेले पाहुणेही बघायला लागले. मग ती आत गेली आणि शिळी भाकर, वर मिरचीचा ठेचा घेऊन आली. सासूबाईंनी डोळे मिटून प्रार्थना केली आणि ती कोरडी भाकर शेवटच्या घासापर्यंत खाल्ली. दात नव्हते, वेळ लागला. आम्ही घरी आलो.

सकाळी मी घागर घेऊन आडावर गेले, आणि माझे पायच थबकले. दोर नव्हता. पोहरा नव्हता. दोन्ही कायम आडावरच असायचं, अडल्यानडल्याला मिळावं म्हणून. मी काठावर उभी राहून नुसती खाली पाणी बघत होते. मनात सासूबाईंना बोलले, पौलालाही बोलले. म्हटलं, तुम्ही पत्र लिहून मोकळे झालात, आता घागर कोण भरणार?

"अगं, खाली काय बघायलीस?" मागून धनगरिणीचा आवाज. तिच्या खांद्यावर नव्या दोराचं वेटोळं होतं, हातात पोहरा. "जुना पार झिजला व्हता. तुटून पडला असता म्हणून रात्री आत नेला."

माझा जीव भांड्यात पडला. आणि मला रडूच फुटलं. तिनं ते पाहिलं. स्वतःच पाणी शेंदलं, माझी घागर भरली, डोक्यावर चढवून दिली. मी वळले तेव्हा म्हणाली, "सासूला सांग. पुढल्या कंदुरीला तुमचं येगळं काढते. बोकड मसोबाकडं न्यायच्या आधी घरचं कोंबडं कापीन. मंग तर चालंल?"

तिला वाचता येत नव्हतं. करिंथ कुठं आहे, पौल कोण, तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. आणि मी आदल्या दिवशी निम्मंच वाचून ताटावर हात घालणार होते.

पुढल्या वर्षी नातू पायावर चालायला लागला आणि तिनं पुन्हा कंदुरी केली. तिकडं बोकड अजून खुंट्यालाच बांधलेला, आणि ती ताट घेऊन आमच्या दारात. मी पुढं झाले, पण तिनं मला बाजूला सारलं. तिला ते सासूबाईंनाच सांगायचं होतं.

"मावशी, अजून कुणालाच दावलं न्हाई. आधी तुमालाच."

सासूबाईंची जेवणाआधीची प्रार्थना म्हणजे रस्सा थंड होईपर्यंत चालायची. त्या दिवशी त्यांनी देवाचे आभार मानले, धनगरिणीचं नाव घेतलं, आमेन म्हणाल्या, आणि मी डोळे उघडले तर त्यांचा पहिला घास तोंडात होता.