तोंड नसलेली बाई

चित्रातल्या शांत बायांचं कुणी कौतुक केलं की माझं डोकं फिरतं, आणि ती छत्रीवाली बाई आठवते. नव्वदीच्या दशकात बंगळूरच्या बसवनगुडीतल्या एका प्रदर्शनात दिसलेली. नावही ठाऊक नाही. समोरच्या चित्रात लांब मानेची बाई होती. डोक्यावर घागर, झुकलेले डोळे, आणि तोंडाच्या जागी नुसता गुळगुळीत रंग.

चित्रकार समजावत होता, "हे मौन म्हणजे स्त्रीची शांती."

मिटलेली छत्री चित्रावर रोखून ती कडाडली, "तोंड काढायला विसरलात, घागर बरी आठवली!"

तिचा नवरा कुजबुजला, "स्वल्प हळू बोल गं, लोक बघतायत."

छत्री त्याच्याकडे वळली. "हळू बोलणारी हवी ना? सरी, ठीक आहे. मग हिलाच न्या घरी."