धरलेली जागा

घाटनांदूरच्या आमच्या चर्चमध्ये गाणारे सात-आठ, आणि रुसणारेही तेवढेच. त्यामुळे नवीन गाणं बसायला महिना लागतो, किस्सा मात्र दर रविवारी ताजा! आमचे हे, म्हणजे शामुवेल, कीबोर्ड वाजवतात आणि गाणीही रचतात. ढोलकीवर दान्येलकाका. मी मागे कोरसमध्ये. तिथून सगळं दिसतं.

* * *

एकदा गायनाच्या कार्यक्रमाला गेवराईला निघालो. एसटीला ही गर्दी! काकांनी खिडकीतून रुमाल टाकून ह्यांच्यासाठी जागा धरली. चढून बघतो तर तिथं एक गृहस्थ बसलेले.

"उठा, इथं माणूस हाय," काका म्हणाले.

"कुठं हाय? नुसता रुमाल हाय की!"

"रुमाल हाय म्हंजी माणूस हाय. यायलाय तो."

गृहस्थ उठले. बीडपर्यंत आमचे हे बसून गेले आणि काका उभे.

* * *

मग ह्यांनी नवा कीबोर्ड आणला. त्यात ताल आपोआप वाजतो. पहिल्याच रविवारी दयेचं गाणं, 'मी चुकलो, तरी तू हाक मारलीस'. सगळे डोळे मिटून उभे, आणि ह्यांनी दाबलं भलतंच बटण. वरातीचा ठेका! पाळकसाहेबांचा पाय हलला. मी पाहिला.

कोरसमधल्या विमलमावशीनं डोळे न उघडताच विचारलं, "नवरी कुठली?"

सगळे हसले. काका जरा जास्तच हसले. हे तापले. "काका, आता मशीन हाय. तुमी आराम करा."

आमच्या लग्नातही ढोलकी काकांनीच वाजवलेली. त्यांनी ढोलकीला गवसणी घातली, तिथंच ठेवली, "सलाम" म्हणाले आणि निघून गेले. मला लई वाईट वाटलं.

* * *

गेले म्हणजे फार लांब नाही. चर्चसमोर बसप्पाअण्णांचं हॉटेल. उपासना सुरू झाली की काका तिथं, तोंड आमच्याकडे. भोंग्यावरून गाणं ऐकायचे आणि टेबल बडवायचे. अण्णा लिंगायत, कपाळाला भस्म. पण ऐकून ऐकून भजी तळताना आमचीच गाणी म्हणायला लागले. तीही सुरात!

ह्यांनी तेव्हा नवं गाणं रचलं, 'ये घरी, तुझी जागा राखून ठेवलीय'.

काका तिकडून ओरडले, "सीट नंबर तर सांग बे!"

एक दिवस अण्णांनी मला रस्त्यात गाठलं. "वहिनी, तुमचा देव समद्याला माफ करतो ना? मग ह्या दोघांचंच कावून अडलंय? माझं टेबल मोडायलंय."

* * *

पाळकसाहेबांनी क्षमेवर उपदेश केला. शेवटी म्हणाले, "ज्याच्या मनात कुणाबद्दल राग आहे, त्यानं हात वर करावा."

सगळ्यांचे हात वर. पाळकीणबाईंचासुद्धा! खाली फक्त आमच्या ह्यांचा.

घरी आल्यावर मी विचारलं. तर म्हणे, "मला राग न्हाई. लाज वाटती." आणि जेवायला बसले.

दर रविवारी मात्र माझ्याकडून दोन रुमाल मागून न्यायचे, इस्त्रीचे. मी म्हटलं, उन्हाळा आहे.

* * *

परवा परळीहून पाहुणे आले. चर्च गच्च भरलेलं. एक पाहुणे ढोलकीमागच्या खुर्चीवर बसायला वाकले, तर हे कीबोर्ड सोडून धावले. "तिथं नका बसू. धरलीय."

खुर्चीवर रुमाल. माझ्या इस्त्रीचा.

बसप्पाअण्णा पाहुण्यांचा चहा घेऊन चर्चच्या दारातच उभे होते. त्यांनी किटली खाली ठेवली आणि रस्ता ओलांडून हॉटेलात गेले. गिऱ्हाइकाला हाका मारून मारून कमावलेला आवाज, तो आतपर्यंत आला. "अवो काका! खुर्चीवर रुमाल हाय तुमच्या!"

आम्ही गाणं सुरू केलं. तेच, जागेचं. दुसऱ्या कडव्याला काका दारात. चपला काढल्या, सरळ खुर्चीपाशी आले, रुमाल उचलून उलटापालटा बघितला.

"लई गर्दी हाय बे आज," काका ह्यांना म्हणाले.

रुमालानं घाम पुसला, तो खिशात घातला आणि ढोलकीची गवसणी सोडली. ह्यांनी मशीनचा ताल बंद केला.

रुमाल काकांनी अजून परत दिलेला नाही.