कलौंजीचा चमचा
आत्ता शेजारच्या किचनमधून कलौंजी भाजल्याचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं, कारण सरस्वतीपुरमच्या आमच्या हॉलमध्ये काकांनी कलौंजीचाच डबा दादाच्या हातात ठेवला होता. दादाची किमो सुरू होणार होती, आणि पुढे मूल हवं असेल तर आधी वीर्य गोठवून ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. "अय्यो, सुम्ने, उगाच घाबरवतात रे ते! मधातून हे खा, बीज शाबूत राहतं," काका म्हणाले, आणि आधीच लाजेनं अर्धा झालेल्या दादानं सुटका झाल्यासारखी मान हलवली; वीर्य गोठवायचं राहूनच गेलं. दादा कॅन्सरमधून बरा झाला, पण तपासणीत एकही शुक्राणू सापडला नाही. मग काकांच्या नातवाचं बारसं आलं आणि वाढायला मी उभी राहिले. सगळ्यांच्या पानावर पायस, काकांच्या पानावर फक्त चमचाभर कलौंजी! "हे काय गं?" "खा ना काका, बीज शाबूत राहतं!" काका पानावरून उठून गेले. आई अजून म्हणते, माफी माग. पण तेव्हा दादा बारशाचं तेच बाळ मांडीवर घेऊन बसला होता, त्यामुळे मी काही मागणार नाही.