काळ्या दोऱ्याची कुपी

लोणावळ्यात पावसाळ्याचे चार महिने कशाला काही चिकटून राहत नाही. पाकिटांचा डिंक सुटतो, चपलांवर पांढरी बुरशी धरते, मिठाच्या बरणीत पाणी होतं. आमच्या प्रयोगशाळेत तर कुप्यांवर चिठ्ठ्या लावून बर्फाच्या पेटीत ठेवल्या की दुसऱ्या दिवशी तळाशी नुसता लगदा. म्हणून मी दोरे बांधायला लागले. लाल दोरा म्हणजे परदेशातून आलेला, ताकद ठाऊक असलेला माल. पांढरा दोरा म्हणजे आमचा, तपासायचा. युक्ती माझी. साहेबांनी शाबासकी दिली तेव्हा दोन दिवस माझे पाय जमिनीवर नव्हते.

प्रयोगशाळा म्हणजे काय, एका बंगल्याच्या मागच्या तीन खोल्या. साहेब पुण्याहून शनिवारी यायचे. बाकीचे दिवस मी आणि आबा. मी नुकती बी.एस्सी. झालेली, तेवीस-चोवीस वर्षांची, नाकावर राग. आबा पन्नाशीचे, भाज्याच्या वरच्या अंगाला डोंगरात त्यांची वाडी होती. रोज मळवलीहून गाडीने यायचे, काचसामान धुवायचे, उंदरांना दाणे घालायचे. माणूस मोजकं बोलणारा, पण नजर अशी की मी कुठली बाटली कुठे ठेवून विसरले ते मला सांगायचा.

आमचं काम पेप्टाइडचं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा अगदी छोटा तुकडा. आमचा तुकडा नऊ मण्यांचा, म्हणजे नऊ अमिनो आम्लांचा, बाळंतपणात बाईच्या मेंदूतली एक ग्रंथी सोडते तो. त्यानं गर्भाशय आखडतं, कळा येतात. पुण्याहून बकऱ्यांच्या ग्रंथी यायच्या, त्यांतून तो काढायचा, वाळवून पूड करायची, आणि मग लाल दोऱ्याच्या मालाशी ताडून बघायचं. ताडून कसं बघायचं? उंदरीच्या गर्भाशयाची पट्टी कोमट मिठाच्या पाण्यात टांगायची, तिला दोरा, दोऱ्याला काडी, काडीचं टोक काजळी धरलेल्या कागदावर. पाण्यात दोन थेंब सोडले की पट्टी आखडायची, काडी वर जायची आणि काळ्या कागदावर पांढरी रेघ उमटायची. लाल मालाची रेघ केवढी, आमची केवढी, हे दिवसभर आळीपाळीने बघत बसायचं.

हाताळायचे नियमही कडक. पेटीतून काढलेली कुपी लगेच फोडायची नाही. लोणावळ्याच्या धुक्यात गार पुडीवर ओल धरते आणि माल फुकट जातो. अर्धा तास बाहेर ठेवायची, मगच मान मोडायची. पाणी घातल्यावर खळखळ हलवायची नाही. हे सगळं मी आबांना इतक्या वेळा ऐकवलं होतं की ते झोपेतही म्हणून दाखवतील. ऐकवायला मला आवडायचं, खोटं कशाला बोलू? घरी कोण विचारत होतं मला! इथे एक माणूस हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "आसं व्हय?"

त्या वर्षी श्रावणात एका खेपेचा माल विचित्र निघाला. दोन थेंब सोडले आणि काडी कागदाच्या पार वर जाऊन बाहेरच पडली. दहापट पाणी घातलं, तरी तेच. पट्टी आखडली ती सुटेचना, मुठीसारखी आवळून राहिली. मला ते बघवलं नाही, का कोण जाणे. साहेब म्हणाले, वाळवताना काहीतरी चुकलंय, मी बघेपर्यंत हात लावू नका. मी त्या आठ कुप्यांना काळा दोरा बांधला.

"ह्येला काळा का वो, बाई?" आबांनी विचारलं.

"लय जोरात आहे हा माल, आबा. नजर लागू नये म्हणून!"

दोघं हसलो. माझ्या जिभेला हाड नाही, हे आई उगाच म्हणायची नाही. आबा नंतर बराच वेळ त्या काळ्या कागदापाशी उभे होते. त्यांची लेक पहिलं मूल पोटातच गेल्यावर आता दुसऱ्यांदा माहेरी आली होती, दिवस भरत आले होते. हे मला ठाऊक होतं. गेल्या खेपेला कळा थांबल्या आणि मूल अडकलं, हेही त्यांनीच मला सांगितलं होतं.

पुढच्या आठवड्यात एके सकाळी आबा आले नाहीत. दोन वर्षांत पहिल्यांदा. आधी मी चिडले, कारण बर्फ उचलायला कोणी नव्हतं. मग पेटी उघडली. काळ्या दोऱ्याच्या सातच कुप्या होत्या. पेटी उपसली, भुसा चाळला, टेबलाखाली रांगले. सातच.

आबांनीच नेली, लेकीसाठी. टोचली तर काय होईल ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्या मुलीचं गर्भाशय फाटलं असतं. पाजली तर काहीच व्हायचं नव्हतं, कारण पोटात गेलं की पेप्टाइडचं वरणभातासारखं पचन होतं, त्याचा एक मणी शिल्लक राहत नाही. टोचली की पाजली? सुयांचा डबा उघडला. पण त्यात किती सुया असतात ते मी कधी मोजलंच नव्हतं. ते काम आबांचं. शिवाय गावोगाव सायकलवर सुया टोचत फिरणारा एक कंपाउंडर होता, त्याला बोलावायला किती वेळ लागतो?

गाडी मिळाली. मळवलीला उतरून भाज्यापर्यंत पळत गेले आणि तिथून वर चढणीला लागले. साडीचा काठ चिखलानं जड झालेला. खाचरांत वाकलेल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, एकीनं विचारलंही, "कुटं निगाल्या, बाई?" मी थांबले नाही. डोंगर ढगात गेला होता आणि वाडी दिसतच नव्हती. मी देवाला म्हणत होते, पाजली असू दे, पाजली असू दे. दुसरा विचारच नव्हता डोक्यात.

आबा ओट्यावर बसले होते, शांत. मला बघून उठले.

"दिली?" मी ओरडलेच.

"व्हय बाई. सकाळच्याला. बर्फात घालून आनली, आर्धा तास भाईर ठिवली, मंगच फोडली. हालवली न्हाई."

"टोचली?"

"न्हाई वो. पान्यातनं पाजली."

मी ओट्यावर बसले आणि हसायला लागले. देवा रे, हसले मी! दारातल्या बायकाही मला बघून हसल्या. शिकलेली बाई हसतेय म्हणजे सगळं ठीक असणार. कुणीतरी चहा ठेवला. मी तो घेतलासुद्धा.

चहा पिताना भिंतीला टेकवलेला बांबू दिसला, त्याला बांधलेली घोंगडी. झोळी. मी विचारलं, ही कशाला? आबांचा भाऊ म्हणाला, "परवापास्नं कळा येत्यात. पहाटंच न्ह्यायची व्हती दवाखान्यात, चार गडी आलते. पर म्हनलं आता औशद दिलंय, कशाला हिंदकळायची? गडी लावनीला गेलं माघारी."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आतून काही आवाज येत नाहीये. कण्हणंही नाही. सुईण बाहेर आली, माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचं औशद कवा लागू व्हनार? पोरगी निपचित पडलीया."

कपबशी तशीच टाकून मी उठले. "लागू होणार नाही," म्हणाले. "उचला तिला. आत्ता उचला!" खाचरांतून गडी बोलावण्यात आणखी वेळ गेला. झोळी उतरवताना पुढचे दोघं दोनदा घसरले. मी बाजूनं चालत होते, तिचा हात बाहेर लोंबत होता, तो मी धरला. गार होता. जेमतेम एकोणीस वर्षांची असेल. एकदा डोळे उघडून तिनं मला विचारलं, "आता व्हईल ना?" मी हो म्हणाले.

गार्डच्या डब्यातून लोणावळ्याला आणली. डॉक्टरांनी ती वाचवली, पण गर्भाशय काढावं लागलं. मूल आधीच गेलं होतं, मुलगा होता. डॉक्टर हात पुसत म्हणाले, सकाळी आणली असती तर मूल वाचलं असतं, गर्भाशयही राहिलं असतं. ते मला उद्देशून बोलले नव्हते. मी मात्र ते माझ्यासाठीच ऐकलं.

साहेबांना मी कुपी फुटली असं सांगितलं. आबा बाराव्या दिवशी कामाला आले. त्यांनी नळ सोडला आणि बाटल्या धुवायला घेतल्या. मी उंदरीची पट्टी टांगत होते. शेवटी न राहवून मी बोलले. ते पोटात पचतं, अन्नासारखं, टोचल्याशिवाय त्याचा उपयोग नसतो, म्हणून काही झालं नाही. आणि टोचली असती तर ती तिथेच गेली असती. सगळं सांगितलं, घाईघाईनं, पाठ केल्यासारखं.

आबांनी नळ बंद केला.

"कुपी कशी धरायची, कवा फोडायची, समदं दावलंत तुमी," ते म्हणाले. "येवडंच ऱ्हायलं."

"आबा, तुम्ही कधी विचारलं नाहीत हो."

"इचारलं व्हतं, बाई." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "म्या म्हनलं, ह्ये पाजायचं का टोचायचं? तर तुमी म्हनला, आबा, तुमाला काय करायचंय? तुमी आपल्या बाटल्या धुवा."

मला ते आठवत नाही. इतकी वर्षं झाली, त्या खोलीतल्या उंदरांचा वास आठवतो, कागदावरच्या रेघा आठवतात, पण हे एक वाक्य मी कधी बोलले, कुठल्या दिवशी, हातात काय होतं, काही म्हणता काही आठवत नाही.