आठ मशीन आणि एक रिकामी फाइल

मी लिहावं असं काही मोठं काम माझ्या हातून झालेलं नाही. इंजिनीअरिंगचं शेवटचं वर्ष अजून चालू आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे लिहिलेलं वाचून चूक दाखवणारंही घरी कोणी नाही. जाणकारांनी सांभाळून घ्यावं. जे मी स्वतः पाहिलं, तेवढंच सांगतो.

"जयेश, टेस्ट कुठवर आली?" अश्विनी मॅडमनी विचारलं.

"अर्ध्यावर."

"सकाळी पण अर्ध्यावरच होती."

"सकाळी अर्ध्याच्या अलीकडे होती, मॅडम. आता पलीकडे आहे."

मॅडम हसल्या नाहीत. त्या आमच्या सीनियर इंजिनीअर. मी त्यांच्या हाताखाली इंटर्न. आमचं ऑफिस भिवंडीजवळ कशेळीला, एका गोडाऊनच्या माळ्यावर आहे. खाली दिवसभर ट्रक लागतात, वर आम्ही सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग साठवणारी मशीन बनवतो. आजूबाजूच्या गोडाऊनमध्ये त्याच बसवलेल्या आहेत. त्यांना सगळे डबा म्हणतात. आम्हीसुद्धा.

टेस्ट कसली, ते सांगतो. डिस्क म्हणजे रिकामं गोडाऊन समजा. कुठला माल कुठल्या रॅकवर ठेवायचा आणि मागितल्यावर कुठून काढून द्यायचा, हे बघणारा जो प्रोग्राम असतो, त्याला फाइलसिस्टिम म्हणतात. आम्ही एक तयार फाइलसिस्टिम घेऊन तिच्यात थोडे बदल केले होते, व्हिडिओ पटपट लिहिला जावा म्हणून. असे बदल केले की काही बिघडलं नाही ना, हे पाहायला काही शे छोट्या टेस्ट एकामागून एक चालवाव्या लागतात. फाइल बनव, पुसून टाक, डिस्क पूर्ण भर, मध्येच लाइट घालव, परत चालू करून सगळं जागेवर आहे का बघ. सगळ्या मिळून दुसऱ्या दिवशीच संपायच्या.

तोवर याची कोणाला घाई नव्हती. घाई झाली ती रामाकाकांमुळे.

रामाकाका शेजारच्या गोडाऊनचे वॉचमन. वज्रेश्वरीच्या बाजूच्या एका पाड्यावरून रोज एसटीने येतात. मी तिथे डबा बसवायला गेलो तेव्हा शिडी त्यांनीच धरली होती. एका संध्याकाळी तिथे लाइट गेली आणि थोड्या वेळाने आली. दुसऱ्या दिवशी माल मोजताना काही खोकी कमी निघाली. रेकॉर्डिंगची दर दहा मिनिटांना एक फाइल बनते. ते उघडलं, तर लाइट जायच्या आधीची दहा मिनिटं नव्हती. फाइल होती, नाव बरोबर होतं, आत काहीच नव्हतं. डब्याच्या खोलीची चावी रामाकाकांकडे. तिथल्या मॅनेजर शिंद्यांनी त्यांना घरी बसायला सांगितलं.

काका आमच्या ऑफिसात आले आणि दारातच उभे राहिले.

"मी डब्याला हात न्हाय लावला," ते मॅडमना म्हणाले. "लाइट गेली तवा मी गेटवर होतो. चावी माझ्याकडं हाय, म्हनून मीच चोर?"

"काका, आत या, बसा," मॅडम म्हणाल्या.

"बसून काय करू? घरी बसलोच हाय."

ते गेल्यावर मॅडमनी आमच्या मालकांना, मुनाफ सरांना, बोलावलं. मुनाफ सर भिवंडीच्या जुन्या कोकणी मुसलमान घरातले. घरचे कापडाचे लूम भावावर सोपवून त्यांनी ही कंपनी काढली. मॅडम म्हणाल्या, "सर, पुसली असती तर फाइलचं नावही गेलं असतं. नाव आहे आणि पोट रिकामं आहे. मला आपल्या बदलावर शंका आहे."

सर म्हणाले, "मी हेच बोललो शिंद्यांना. तो बोलतो, तुमच्या टेस्टमध्ये असं कधी झालंय? झालं असेल तर दाखवा. शनिवारी तो नवा वॉचमन लावतोय. आता बोल, दाखवणार काय? आपल्या टेस्ट तर पास आहेत."

खरं होतं. लाइट घालवायच्या टेस्ट प्रत्येक वेळी पास झाल्या होत्या. पण एका फेरीत त्या एकदाच चालायच्या. शंभरात एखाद्या वेळी होणारी गोष्ट पकडायची, तर टेस्ट शंभर वेळा चालवायला हवी. एका फेरीला एक दिवस, आणि शनिवार चार दिवसांवर.

"एका डिस्कवर दोन टेस्ट एकदम चालत नाहीत का?" मी विचारलं. मला खरंच माहीत नव्हतं.

"एक टेस्ट डिस्क पुसते, दुसरी त्याच वेळी त्यावर लिहिते. काय होईल?" मॅडम म्हणाल्या. मग पुढे म्हणाल्या, "प्रत्येक टेस्टला वेगळी मशीन दिली तर चालतं. व्हर्च्युअल मशीन. तू बघ."

व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका खऱ्या कंप्युटरच्या आत चालणारा खोटा कंप्युटर. आतल्या प्रोग्रामला आपण खोट्या कंप्युटरमध्ये आहोत हे कळत नाही. त्याला स्वतःची मेमरी दिसते, स्वतःची डिस्क दिसते. आमच्या सर्व्हरवर असे आठ सहज मावत होते. मला हे इतकं नवल वाटलं, की पहिला सुरू झाल्यावर मी त्यात उगाचच एक फाइल बनवली आणि दुसऱ्यात ती दिसते का ते पाहिलं. नाही दिसली.

मी टेस्टचे आठ सारखे वाटे केले आणि सुरू केलं. फारसा फरक पडला नाही. सात मशीन लवकर मोकळ्या झाल्या आणि आठवी एकटीच चालत राहिली, कारण सगळ्या लांबलचक टेस्ट तिच्याच वाट्याला आल्या होत्या. खिडकीतून खाली बघितलं तर ट्रक एका रांगेत उभे होते. माल चढवायचा-उतरवायचा जो प्लॅटफॉर्म मोकळा होईल, तिथे पुढचा ट्रक लागत होता. प्लॅटफॉर्मला आधीपासून ट्रक वाटून देत नाहीत. मीही वाटे मोडले आणि एकच रांग केली. लांब टेस्ट पुढे ठेवल्या. जी मशीन मोकळी होईल, ती पुढची टेस्ट उचलेल.

तरी वेग हवा तेवढा येईना. आठही खोट्या डिस्क शेवटी एकाच खऱ्या डिस्कवर होत्या, आणि तिथे गर्दी होत होती. मॅडमनी सुचवल्यावर मी त्या सर्व्हरच्या मेमरीत ठेवल्या. आता मात्र सगळी फेरी दुपारच्या जेवणापासून चहापर्यंत संपली.

सगळ्या टेस्ट पास. मी लाइट घालवायच्या टेस्ट पुन्हा पुन्हा लावल्या. शंभराच्या वर वेळा झाल्या. सगळ्या पास.

मी उड्या मारत मुनाफ सरांकडे गेलो. सरांनी स्क्रीन पाहिली आणि खुर्चीत मागे टेकले.

"शाब्बास भाई. म्हणजे आपला डबा साफ आहे."

"हो सर."

"म्हणजे फाइल त्या माणसानेच उडवली."

मी याचा विचारच केला नव्हता. मी वेग मोजत होतो. 'पास'च्या त्या हिरव्या अक्षरांचा असाही अर्थ होतो, हे सर बोलेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

जागेवर येऊन मी पास झालेल्या एका टेस्टचा लॉग उघडला. लॉग म्हणजे मशीन काय काय करतेय, ते ती स्वतःच ओळीने लिहीत जाते. लाइट जायच्या जागी लिहिलं होतं की प्रोग्राम थांबवले, उरलेलं डिस्कवर लिहिलं, डिस्क सोडली, आता बंद होत आहे. मी दोनदा वाचलं. लाइट जाताना इतकी आवराआवर करायला वेळ कोण देतं?

जुन्या पद्धतीत खऱ्या मशीनची खरी लाइट तोडणारं एक सर्किट होतं. नव्या पद्धतीत ते काम मी एका कमांडवर दिलं होतं. बंद करायच्या दोन कमांड होत्या. एकीचं नाव शटडाउन, दुसरीचं डिस्ट्रॉय. डिस्ट्रॉय वाचून मी घाबरलो होतो. कंपनीची मशीन नष्ट झाली तर भरून कोण देणार? म्हणून शटडाउन लिहिलं. आणि ते मला बरोबरही वाटलं, कारण शेलार गावात आमच्या घरी लाइट फडफडली की आई ओरडते, "बटनं बंद करा रे!" बाबा लूमवर जातात, तिथेही लाइट गेली की आधी सगळ्या मशीन बंद करून ठेवतात, परत आल्यावर एकदम झटका बसू नये म्हणून. नीट बंद करणं म्हणजे चांगलं, हे माझ्या हाताला लहानपणापासून माहीत होतं. इथे नेमकं नीट बंद करायचं नव्हतं.

मी मॅडमना विचारलं, "डिस्ट्रॉयने मशीन पुसली जाते का?"

"नाही रे. प्लग उपटल्यासारखं होतं, बस. परत चालू करता येते. का?" त्यांनी माझी स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची यादी, पाहिली आणि कपाळावर हात मारला. "तू लाइट घालवायच्या आधी तिला विचारतोयस, बाई, जाऊ का?"

यावर मात्र मला हसू आलं. त्यांनाही आलं.

शब्द बदलला आणि सगळं परत लावलं. बऱ्याच टेस्ट पास होत गेल्या. मी स्क्रीनवरून नजर काढत नव्हतो. मग एक लाल ओळ आली, फेल. फाइल उघडली. नाव बरोबर, आत काही नाही. चहाच्या वेळेआधी तशा आणखी तीन सापडल्या.

दोष आमच्याच बदलात होता. व्हिडिओ डिस्कवर पोहोचायच्या आधीच त्याचं नाव पक्कं लिहिलं जात होतं. मधल्या क्षणी लाइट गेली तर नाव उरायचं, व्हिडिओ नाही. मॅडमनी क्रम बदलला. मग आठही मशीनवर दिवसभर लाइट घालवली, एकही फाइल रिकामी निघाली नाही.

मुनाफ सरांनी ते पाहिलं आणि बराच वेळ पेन टेबलावर आपटत बसले. "म्हणजे मी शिंद्यांकडे जाऊन बोलायचं, माल आमचाच खराब आहे. उद्या आजूबाजूच्या गोडाऊनवाल्यांना कळलं तर?"

"सर, सगळीकडे तोच डबा आहे," मॅडम म्हणाल्या. "तिथे पण लाइट जाते."

"माहीत आहे ग बाई. डबे माझेच आहेत." त्यांनी लॅपटॉप उचलला. "चल रे जयेश. तो लाल प्रकार तूच दाखव. मला समजावता येणार नाही."

शिंद्यांना आम्ही रिकामी फाइल त्यांच्या डोळ्यांसमोर बनवून दाखवली. दोनदा झाली नाही, तिसऱ्यांदा झाली. ते फक्त "बघतो" म्हणाले. खोकी कुठे गेली, ते आम्हालाही ठाऊक नव्हतं. एवढंच सांगता येत होतं की ती फाइल रिकामी व्हायला माणसाच्या हाताची गरज नाही. शनिवार आला आणि गेला. रामाकाकांचा फोन लागत नव्हता. त्यांच्या पाड्यावर रेंज नसते. शिंद्यांना परत विचारायला सर तयार नव्हते, आणि मला धीर होत नव्हता.

या कामातून मी एक शिकलो. टेस्ट लवकर संपू लागली, तर आधी ती काय तपासतेय ते बघावं. चुकीची टेस्ट आठ मशीनवर लावली, तर चुकीचं उत्तर आठपट लवकर मिळतं.

पुढच्या आठवड्यात जेवायच्या वेळी ऑफिसचा फोन वाजला. मी उचलला.

"तुमच्या डब्यावर लाल बत्ती लागलेय. सकाळधरनं हाय. कोनाला तरी पाठवा."

"कुठल्या गोडाऊनवरून बोलताय?"

"तुमच्या शेजारच्या. रामा बोलतोय, वॉचमन."

"काका! तुम्हाला परत घेतलं?"

"सोमवारपासून डूटीवर हाय. खोकी जिथनं माल येतो तिकडंच ऱ्हायली व्हती, गाडीत भरलीच नव्हती म्हनं, लय उशिरा समजलं त्यांना. ते ऱ्हाऊ दे, तू आदी ही बत्ती बघायला ये."